पर्जन्यछायेतलं गवत

सातारा जिल्ह्याचं सरासरी पर्जन्यमान किती, असा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात दिसला की मला हसू येतं. त्या आकड्याएवढा पाऊस जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांच्या अंगावर पडतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास, तोही आला तर. जुलैत एका तालुक्यातल्या शाळांना अतिवृष्टीची सुट्टी आणि त्याच दिवशी दुसऱ्या तालुक्यात टँकरच्या फेऱ्या, हे आम्ही कितीदा तरी पाहिलंय. महाबळेश्वर ते दहिवडी सरळ रेषेत मोजलं तर अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही.

शाळेच्या भूगोलात जगाचा एक रंगीत नकाशा असायचा. विषुववृत्ताजवळ गर्द हिरवं सदाहरित वन, मग पानझडी, मग सॅव्हाना, मग काटेरी झुडपं, शेवटी वाळवंट. हे पट्टे क्रमाने बघायचे तर अर्धी आफ्रिका पालथी घालावी लागते, असं गुरुजी सांगायचे. त्यातलं शेवटचं वाळवंट सोडलं तर बाकीची उतरंड महाबळेश्वर-सातारा-म्हसवड या रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून अर्ध्या दिवसात बघता येते, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते स्वतः रोज त्याच एसटीने यायचे.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे: सह्याद्री. पण ‘ढग डोंगराला अडतात आणि पाऊस पडतो’ एवढ्यावर आपण थांबतो, आणि त्यातली खरी गंमत निसटते. ढग अडत नाहीत, हवा चढते. पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून येणारा वारा सगळ्यात जोरकस असतो तो समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर. महाबळेश्वरचं पठार आहे पावणेचौदाशे मीटरच्या आसपास. म्हणजे जिथे वाऱ्याचा जोर, तिथेच भिंत. वर चढणारी हवा किलोमीटरमागे सहा ते दहा अंशांनी थंड होते, तिच्यातली वाफ तिला पेलवत नाही आणि घाटमाथ्यावर ती सगळी रिकामी होते. पलीकडे तीच हवा पठारावरून खाली उतरते, दाबली जाते, तापते. उरलेसुरले ढग विरतात. हीच पर्जन्यछाया. महाबळेश्वरहून पाचगणी जेमतेम वीस किलोमीटर, पण पाऊस तिथे तिसऱ्या हिश्शावर येतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की आणखी कमी. एकाच दिवशी वर छत्री उलटी होते आणि खाली कृष्णेच्या घाटावर बायका कपडे वाळत घालतात.

हे पठार पूर्वेकडे कललेलं आहे. म्हणून क्षेत्र महाबळेश्वरला उगवलेली कृष्णा हाकेच्या अंतरावरचा अरबी समुद्र सोडून चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. तिच्या शेजारीच उगवलेली सावित्री कड्यावरून पश्चिमेला उडी घेते आणि बाणकोटच्या खाडीत मोकळी होते. पाणी पूर्वेला जातं आणि पाऊस जात नाही, हे दहिवडी-म्हसवडकडच्या माणदेशाचं जुनं दुखणं.

महाबळेश्वरच्या रानात जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांची गर्दी आहे. खोडांवर शेवाळाची जाड साल, फांद्यांवर नेचे आणि आमरी, आणि दगडांवर तेच दगडफूल जे आपण गोड्या मसाल्यात टाकतो. इतका पाऊस पिऊनही ही झाडं उंच का नाहीत, असा प्रश्न केरळ बघून आलेल्या माणसाला पडतोच. इथली झाडं खुजी, वेडीवाकडी, एकमेकांना धरून उभी. पठारावरचा वारा हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: आपला सहा हजार मिलिमीटर चार महिन्यांत उरकतो. ऑक्टोबर सरला की पुढच्या मृगापर्यंत जवळजवळ काही नाही. सह्याद्रीत जसजसं दक्षिणेला जावं तसतसे कोरडे महिने कमी होत जातात. केरळात मार्च-एप्रिलपासूनच वळवाच्या सरी सुरू होतात. झाडांच्या जातींची विविधताही तशीच दक्षिणेकडे वाढत जाते. झाडाला वर्षाची बेरीज कळत नाही. त्याला कळतं ते सलग किती महिने तहान काढायची आहे ते.

पावसाचं गणित इतकं सरळ असतं तर कास पठारावर जंगल असायला हवं होतं. तिथे पाऊस चिक्कार, धुकं तर पाचवीला पुजलेलं, आणि पठार मात्र उघडंबोडकं. कारण पायाखाली आहे. कासच्या सड्यावर जांभ्याचं सलग कातळ आहे आणि त्यावर माती बोटभर, कुठे कुठे तीही नाही. पावसाळ्यात पाण्याचं तळं, मार्चमध्ये तवा. जिथे भेग पडून माती साचली तिथे झुडूप उभं राहतं, आणि कड्यावरून उताराला लागलं की दाट रान. तीच हवा, तोच पाऊस, फक्त दगड वेगळा. सप्टेंबरात तिथे उकिडवं बसून बघायचं असतं, उभं राहून सेल्फी काढायची नसते. सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं ओल्या कातळावर डोलत असतात; त्यांच्या मुळाशी, पाण्यात, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा पिशव्या असतात आणि त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. शेजारी दवबिंदूच्या लालसर पानांवर चिकट थेंब, त्यात एखादं चिलट अडकलेलं. मातीत नत्र नाही म्हणून वनस्पतींनी शिकार सुरू केली. तेरडा, गेंद, सोनकी असे दर आठवड्याला रंग बदलणारे गालिचे बघायला लोक तिकीट काढून येतात. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत कासचंही नाव आलं. उघडं पठार असूनही त्याला कोणी ‘उजाड’ म्हणत नाही, कारण ते फुलतं. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

साताऱ्याहून म्हसवडची गाडी पकडली की कोरेगावापर्यंत अजून काळी जमीन, पाट, ऊस. वर्धनगडचा घाट चढून पुसेगावात आलं की आकाश मोठं होतं. घरं बदलतात. घाटमाथ्यावरच्या घरांना उतरती छपरं, आणि पावसाच्या झोडपण्यापासून भिंती वाचवायला त्यांच्या बाहेरून गवत बांधायची जुनी पद्धत. माणात धाब्याची घरं. सपाट मातीचं छप्पर, उन्हाळ्यात त्यावर झोपायचं. भात मागेच राहिला, नाचणी-वरी डोंगरात राहिल्या, आता बाजरी आणि रब्बीची ज्वारी. पावसाचा महिनाही बदलतो. जुलै हा महाबळेश्वरचा महिना. माणदेशात जुलै म्हणजे नुसता वारा आणि पळणारे रिकामे ढग. इथली मदार परतीच्या पावसावर. उत्तरा-हस्ताला दुपारनंतर पूर्वेकडून काळंभोर भरून येतं, गडगडाट होतो आणि तासाभरात ओढे भरतात. एखाद्या वर्षी भरून येतं आणि निघून जातं.

सातारा साधारण साडेसतरा-अठरा अंश उत्तर अक्षांशावर. नकाशावर तीच रेघ पश्चिमेला ओढत नेली तर ती आफ्रिकेत टिंबक्टूच्या जरा वरून जाते. मोसमी वारे नसते तर आपला सगळाच मुलूख कसा दिसला असता याचा अंदाज त्यावरून येतो. आणि मोसमी वारे आहेत, पण मध्ये सह्याद्री आहे, म्हणून माणदेश आहे तसा आहे. व्लादिमिर क्योप्पेन मुळात वनस्पतींचा अभ्यासक. 1884 पासून पुढे त्याने जगाच्या हवामानाचे जे विभाग पाडले त्यांच्या सीमा ठरवताना वनस्पती कुठे बदलतात याकडे बघितलं. त्याच्या हिशेबात माणदेश उष्ण, अर्धशुष्क प्रदेशात बसतो. अशा प्रदेशात निसर्ग आपणहून काय वाढवतो? गवत आणि विखुरलेली काटेरी झाडं. नेमकं तेच आपल्या माळावर आहे: हिवर, बाभूळ, बोर, हेकळ, तरवड, आणि त्यांच्यामध्ये लांबवर पसरलेलं गवत. मुरमाड उतारावर वीतभर मातीखाली बेसॉल्ट. मोठ्या झाडाची मुळं जाणार कुठे? ओढ्याच्या कडेला, जिथे माती खोल आहे, तिथे झाडंही आहेत.

आफ्रिकेतल्या अशा प्रदेशाला आपण सॅव्हाना म्हणतो, सिंहांसाठी विमानाचं तिकीट काढतो. आपल्या सॅव्हानाची नोंद ‘पडीक’ अशी होते. देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशांत झुडपी माळ आणि गवताळ कुरणं मोठ्या प्रमाणावर याच खात्यात जमा आहेत. एकदा पडीक ठरली की जमीन कुणालाही, कशालाही देता येते: सौर प्रकल्पाला, औद्योगिक वसाहतीला, आणि सगळ्यात सज्जन दिसणाऱ्या वृक्षारोपणाला.

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी, की हा सगळा मुलूख कधीकाळी घनदाट अरण्य होता, मग इंग्रजांनी रेल्वेसाठी लाकूड तोडलं, गुरांनी उरलेलं खाल्लं, आणि माळ झाला. मीही ही गोष्ट लोकांना सांगत आलो होतो. अलीकडे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तिच्यावर एका वेगळ्याच बाजूने घाव घातला. त्यांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, ओव्या, दंतकथा चाळल्या आणि त्यात कोणती रानझाडं येतात ते बघितलं. निघाली ती हिवर, बाभूळ, खैर अशी माळावरची काटेरी मंडळी, आणि गवताळ कुरणांची वर्णनं. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वी, रेल्वेचा पत्ताही नसताना, देशावरचा हा भाग असाच होता. शिखर शिंगणापूरच्या कथेतला बळीप हा दक्षिणेकडून गुरं घेऊन आलेला गवळ्यांचा नायक. गवळी गुरं घेऊन गवताकडे येतात. कोणी घनदाट जंगलात कळप हाकत नाही.

आता सगळाच माळ पुरातन आहे असंही कोणी समजू नये. काही डोंगर खरंच तोडले गेलेत, काही माळ खाऊन खाऊन नुसते खडे उरलेत. पण ‘आधी जंगलच होतं’ हे गृहीत धरून कामाला लागणं वेगळं आणि जागा बघून ठरवणं वेगळं.

माळाचं गवत दिसायला सगळं सारखं, म्हणून कोणी वाकून बघत नाही. बघावं. मारवेल, पवना, कुसळी. कुसळ आपल्याला फक्त मोजे आणि म्हणीतून माहीत. ऑक्टोबरनंतर माळावरून चालून आलात की ती कपड्यात घुसलेली असतात. त्यातलं एक काढून तळहातावर ठेवा आणि त्यावर थेंबभर पाणी टाका. टोकाला अणकुचीदार बी, मागे पीळ पडलेली लांब शेपटी. ओल लागली की पीळ सुटू लागतो आणि ते चक्क गरागरा फिरतं, वाळलं की पुन्हा पीळ भरतो. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने ते असं फिरत फिरत बी जमिनीत रुतवतं. मातीच्या आत गेलेलं बी वणव्यात जळत नाही. माळाला आग लागते, वरचं गवत राख होतं, आणि पहिल्या पावसाला खालून हिरवं उठतं. बहुवर्षायू गवतांचा निम्म्याहून जास्त संसार तर तसाही जमिनीखाली असतो. झाडाचा कार्बन डोळ्यांना दिसतो म्हणून त्याचा सत्कार होतो, गवताचा मातीत असतो म्हणून तो कोणाच्या गावीही नसतो.

या उघडेपणावर कितीतरी जीव बेतलेले आहेत. घाटमाथ्याच्या रानातलं शेकरू जमिनीवर फारसं उतरत नाही; त्याला फांदीला फांदी लागलेली हवी. माळटिटवी आणि धाविक यांना नेमकं उलटं हवं: चहूकडे नजर पोहोचेल असं मैदान, जिथे खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी घालता येतील. पखुर्डीचा नर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं पाण्यात बुडवतो आणि कित्येक किलोमीटर उडत येऊन पिल्लांना ती पिसं चोखायला देतो. खोकड, लांडगा, चिंकारा, काळवीट हे सगळे या गवताचे रहिवासी. माळढोकाचं तर नावच माळाचं. त्याच्यासाठी 1979 मध्ये सोलापूर जिल्ह्यात नान्नजला अभयारण्य झालं. आज देशभर मिळून दीडशेच्या आत-बाहेर पक्षी उरलेत, बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे तो दिसला तर बातमी होते.

2019 साली राज्यात 33 कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. हेतूवर मी शंका घेत नाही. माझ्या ओळखीची चांगली, निःस्वार्थी माणसं त्यात खड्डे खणत होती. पण एवढे खड्डे खणायला जागा कुठली? माळाची. उतारावर चर मारले, गवताची मुळं वर आली, आणि जगायला सोपी म्हणून बऱ्याच ठिकाणी गिरिपुष्पाची रोपं लागली, जिला लोक उंदीरमारी म्हणतात. ती मध्य अमेरिकेची. जिथे ती जगली तिथे गवताला सावली आली आणि गवत विरळ झालं, कारण ही गवतं कडक उन्हाची आहेत. टिटवीला दूरचं दिसेना आणि कावळ्याला बसायला फांदी मिळाली. कास पठारावर उद्या कोणी वृक्षारोपण करायला निघालं तर सातारकर त्याला पठारावरून खाली पाठवतील. माळावर मात्र पाहुण्यांच्या हस्ते रोप लावतात आणि फोटो काढतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपल्याला दिसतं, पायाखालचं दिसत नाही.

सगळ्यात आधी हे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलेलंच आहे. फलटण-माणकडचे मेंढपाळांचे कित्येक वाडे, म्हणजे फिरते तळ, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. मृगाच्या आधी पुन्हा घाट चढून माळावर. पावसाळ्यात कोकणात राहिलं तर मेंढराचे खूर कुजतात, लोकर भिजून जनावर आजारी पडतं. आणि उन्हाळ्यात माणात राहिलं तर खायला काही नाही. पर्जन्यछाया हा शब्द त्यातल्या कोणी उच्चारला नसेल, पण सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंचा पाऊस त्यांच्या कॅलेंडरात बसलेला आहे. पुसेगावच्या पुढे रस्त्याकडेला उतरलेल्या एका वाड्यावर मी लांडग्याचा विषय काढला. मेंढरांमागे उभा असलेला म्हातारा म्हणाला, “नेतो की. वर्षाला दोन-चार कोकरं त्याची.” तक्रार होती, पण ती हक्काच्या भाऊबंदाविषयी असावी तशी. मग त्याने स्वतःहून खरी तक्रार सांगितली: जुन्या वाटेवर आता तारेची कुंपणं आलीत आणि रोपवनाचा राखणदार मेंढरं हाकलून लावतो.

आणि आता पाणी येतंय. उरमोडी नदी कासच्याच बाजूला उगवते. तिच्या धरणाचं पाणी उपसा करून खटाव-माणला चढवलं जातंय. जिहे-कठापूरच्या योजनेतून कृष्णेचं पाणीही. डोंगराने जे पाणी पश्चिमेला ठेवून घेतलं ते पंपाने पूर्वेला आणायचं, असा हा उद्योग आहे. माझे नातेवाईक तिकडे राहतात. हंड्यांच्या रांगा मी पाहिल्यात, दुष्काळातल्या चारा छावण्या पाहिल्यात. गवताच्या प्रेमापोटी माणला पाणी नको म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. पाट आला की पहिल्यांदा ऊस येतो, हे मात्र दिसतंच आहे. आणि पाट जिथे चढत नाही तिथे शेततळं. दहा वर्षांपूर्वी जिथे चंडोल उठायचे अशा काही उतारांवर आता डाळिंबाच्या बागा आहेत. ज्याची बाग आहे त्याची पोरं शिकली. हेही खरंच आहे.

तरीही सगळाच माळ पाण्याखाली येणार नाही. उंचावरचा, मुरमाचा, नांगर न चालणारा बराच माळ तसाच उरणार, आणि रोपांचे ट्रक त्याच्याकडेच निघणार. बारामतीजवळ सुप्याला पाच चौरस किलोमीटरचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, तेवढ्यावर चिंकारा टिकून आहेत. इंदापुरात कडबनवाडीला वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, लोक पैसे देऊन लांडगे आणि खोकड बघायला येतात. असे दोन-तीन माळ माणातही राखता येतील, आणि राखायचे म्हणजे मेंढरांना कायमची बंदी असंही नव्हे. कधी सोडायची आणि कधी माळ मोकळा ठेवायचा एवढं ठरवावं लागेल. कुठले माळ निवडायचे ते उपग्रहाच्या चित्रावरून कळणार नाही, वरून सगळं पिवळंच दिसतं. मेंढक्यांना विचारावं. पवना अजून कुठे टिकलाय आणि चरून चरून नुसती कुसळ कुठे उरलीय, हे त्यांना माळागणिक सांगता येतं.